कुळागरातली अवजारं, पावसाळी घर आणि अफिलिएट ब्लॉग : गोव्यातून मराठीत करायचं तर?

पोफळीची सावली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एकच विषय धरून मराठी ब्लॉग काढायचा आणि त्यातल्या दुव्यांवरून होणाऱ्या खरेदीवर कमिशन मिळवायचं, असा बेत आहे. पहिल्या वर्षाला खर्चायला दहा हजार रुपये, आठवड्याला आठ-दहा तास. डोक्यात तीन विषय आहेत: गोव्याचं पर्यटन, स्वयंपाकघरातली उपकरणं, आणि कुळागरातली (म्हणजे इथल्या पोफळी-नारळाच्या बागेतली) नि परसातली अवजारं. कुठला घ्यावा? ब्लॉग बांधायला वर्डप्रेस की ब्लॉगर? मराठीत लिहून खरंच काही हाती लागतं का? 'पॅशन फॉलो करा' छापाचे सल्ले नकोत, नेमकं सांगा.

जांभा

पर्यटन आधी काढून टाका. गोव्यातलं हॉटेल शोधणाऱ्याच्या पहिल्या पानावर बुकिंगच्या बड्या साइटी ठाण मांडून आहेत, आणि मराठी माणूससुद्धा तो शोध बहुधा रोमन लिपीत टाइप करतो. स्वयंपाकघर हा विषय नाहीच, तो म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे. मिक्सरपासून तव्यापर्यंत सगळं त्यात येतं आणि वाचक कुठल्याच लेखावरून पुढच्या लेखाकडे जात नाही.

कुळागर चांगलं. विषय पारखायची एक साधी रीत आहे. वस्तू घ्यायच्या आधी माणूस जे विचारतो असे प्रश्न कागदावर लिहून काढा. तीसवर अडलात तर विषय फार अरुंद. तासाभरात दीडशे झाले तर फार रुंद. साठ-सत्तर आले तर वर्ष-दीड वर्षाचं काम झालं.

प्रश्न मात्र खरा हवा. 'बागेसाठी उत्तम यंत्र कोणतं' असं कोणी मनापासून विचारत नाही. 'उतारावरच्या काजूबागेत गवत कापायला खांद्याला लटकवायचं यंत्र घ्यावं की पाठीला अडकवायचं' हे विचारतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेला माणूस त्याच आठवड्यात पैसे खर्च करतो. पहिला प्रश्न विचारणारा अजून नुसता फिरतो आहे.

पाऊसपाणी

जांभाबाबांच्या म्हणण्याला जोड देते. कुळागराला खेटूनच 'पावसाळ्यातलं घर' हा विषय आहे: कपाटातली बुरशी, भिजट भिंती, गंजणारी बिजागरं, सारखी जाणारी वीज. वाचकही तोच, फोंड्या-सांग्यातला, काणकोणातला. म्हणून दोन्ही एका ब्लॉगवर खपतात. पर्यटन आणि अवजारं एकत्र घातली तर नाही खपणार.

जमाखर्च

आधी हिशेब मांडा, मग ब्लॉग. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत, स्वतःचे आले की तेच घाला.

महिन्याला १,००० वाचक. त्यातले १० टक्के दुव्यावर टिचकी मारतात, म्हणजे १००. त्यातले ४ टक्के खरेदी करतात, म्हणजे ४. सरासरी खरेदी १,५०० रुपयांची, एकूण ६,०००. कमिशन ५ टक्के, म्हणजे ३०० रुपये. परत पाठवलेल्या मालाचं कमिशन वजा होतं ते वेगळंच. या दराने महिन्याला दहा हजार मिळवायला साधारण ३३,००० वाचक लागतील. मराठीतल्या अवजारांच्या ब्लॉगला हा आकडा गाठणं जड आहे.

आता तेच गणित घ्यायच्या तयारीत असलेल्या वाचकावर करा. १,००० पैकी २५० टिचक्या, त्यांतले ६ टक्के खरेदी करणारे, म्हणजे १५ ऑर्डरी आणि १,१२५ रुपये. दहा हजाराला ९,००० वाचक पुरले. वाचक चौपट करण्याच्या मागे न लागता प्रश्न बदलावा, असं जांभा म्हणतात त्याचं कारण हेच.

कमिशनचे दर वस्तूच्या वर्गाप्रमाणे वेगवेगळे असतात आणि कंपन्या ते मधूनमधून बदलतात. लेख लिहायच्या आधी दरपत्रक उघडून पाहायचं. कोणा यूट्यूबवाल्याने सांगितलेला दर धरून चालू नका.

अर्धविराम

तांत्रिक बाजू सांगतो. मराठीत ब्लॉग बांधताना जे फसतं ते इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, वर्षाला हजाराच्या आसपास. होस्टिंगची (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेची) जाहिरात पाहताना पहिल्या वर्षाची किंमत झाकून ठेवा आणि नूतनीकरणाची वाचा, ती दुप्पट-तिप्पट असते. '.भारत'चं डोमेन दिसायला गोड, पण कित्येक ठिकाणी दुवा चिकटवला की त्याचं रोमन अक्षरं-आकड्यांचं कडबोळं होतं आणि लोक फसवणुकीचा दुवा समजून टाळतात. साधं डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या. महागडी थीम नको, फुकटातली हलकी पुरते.

आता पत्ता, म्हणजे लेखाचा स्लग. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून तो देवनागरीत बनवतं. आत साठवताना प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त यांची नऊ-नऊ रोमन चिन्हं होतात आणि एकूण मर्यादा २०० चिन्हांची असते. म्हणजे बाविसाव्या चिन्हापाशी कात्री. 'नारळाच्या झाडावर चढायचं यंत्र' या शीर्षकाचा पत्ता 'चढायचं-य' असा तुटतो, 'यंत्र' गायब. वर व्हॉट्सॅपवर पाठवला तर टक्क्याच्या खुणांची चार ओळींची माळ. म्हणून प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने रोमन लिपीत लिहा, तीन-चार शब्दांचा. नंतर बदललात तर जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळतो (रिडायरेक्ट) ना, हे तपासावं लागतं.

साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी ठेवा. पानाच्या कोडात मराठीची खूण गेली की ज्या फॉन्टात सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. फॉन्ट एकच घ्या, वजनं (अक्षरांच्या जाड्या) दोन. अक्षराचा आकार १७-१८ पिक्सेल, ओळींतलं अंतर १.७ च्या पुढे. इंग्रजी थीमचं १.४ ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

आणि डीटीपीवाल्याकडून मजकूर टाइप करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच मागा. छापखान्याच्या जुन्या फॉन्टातला मजकूर वेबवर निव्वळ कचरा दिसतो.

पाणंद

दहा हजार बजेट असलेल्याला होस्टिंग कशाला गळ्यात? ब्लॉगर फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, सुरक्षित जोडणी फुकट मिळते, हॅक व्हायची भीती नाही. पहिले वीस लेख तिथे लिहा, जमलं तर हलवा.

अर्धविराम

ब्लॉगर वाईट नाही, पण मराठी शीर्षक दिलं की तो पत्ता 'ब्लॉग-पोस्ट-बारा' असा काहीतरी करतो, कारण देवनागरी अक्षरं तो सोडूनच देतो. प्रकाशित करण्याआधी बाजूच्या पट्टीत कस्टम पर्मालिंक निवडून रोमन पत्ता लिहिलात तरच सुटका. एवढं पाळणार असाल तर पाणंद म्हणतात ते चालेल. तुलनेचे तक्ते आणि सगळ्या दुव्यांना एकदम खूण लावणं ही कामं मात्र तिथे हाताने करावी लागतात. पन्नास लेखांनंतर कंटाळा येतो.

पोफळीची सावली

वर्डप्रेसच घेतो. एकेका लेखात नेमकं काय असावं? बाजारात जे 'टॉप टेन' लेख दिसतात ते सगळे एकाच साच्यातले वाटतात.

जांभा

वाटतात कारण ते असतातच. विक्रीच्या पानावरचे मुद्दे उचलून मांडलेले. गूगलने मार्च २०२४ च्या बदलांत, ढिगाने पाडलेल्या मजकुरावर सरळ बडगा उगारला. मग तो माणसाने पाडलेला असो की यंत्राने. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही: इथली जमीन, इथली हवा.

गवत कापायच्या यंत्राचा लेख घ्या. त्यात हे यायलाच हवं:

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. १:५० चं प्रमाण असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे, शेजाऱ्याच्या अंदाजाने नव्हे. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त पडलं तर धूर आणि प्लगवर काजळी. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळं असतं, मिसळायची भानगड नाही, पण यंत्र थोडं जड.

पातं की नायलॉनची दोरी. जांभ्या दगडाच्या बांधाजवळ आणि पोफळीच्या बुंध्यापाशी दोरी. लोखंडी पातं दगडावर आपटलं की यंत्र उसळतं, पात्याचा टवका उडतो, आणि बुंध्याला लागलं तर साल सोलली जाते. काजूखालच्या रानटी झुडपांना मात्र दोरी पुरत नाही, तिथे तीन दातांचं पातं. ही एक ओळ वाचून माणूस यंत्राबरोबर दोरीचं रीळ आणि पातं दोन्ही घेतो.

पाठीला की खांद्याला. पायऱ्यापायऱ्यांच्या कुळागरात पाठीचं बरं, कारण दांडा मोकळा फिरतो. सपाट भाटात (माडांच्या बागेत) खांद्याचं पुरतं.

मग सुटे भाग आणि दुरुस्ती. म्हापसा, फोंडा, मडगाव यांपैकी कुठे मेकॅनिक हात लावेल? ब्रँडचं सेवा केंद्र गोव्यात आहे की बेळगावला पाठवावं लागेल? कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा आणि विचारल्याची तारीख लेखात द्या.

शेवटी पिनकोड. यंत्र पणजीच्या ४०३००१ वर येतं म्हणून वाळपईच्या ४०३५०६ वर आणि काणकोणच्या ४०३७०२ वर येईलच असं नाही. विक्रीच्या पानावर चार-पाच पिनकोड टाकून पाहा आणि तसं लिहा. असली ओळ दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला सुचणं शक्य नाही.

पाऊसपाणी

हीच रीत बुरशीच्या लेखाला. हवेतला दमटपणा मोजायचा छोटा आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो आधी सुचवा. खोलीत दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशी धरायला लागते, पन्नास-साठच्या दरम्यान ठेवायचा. मग लोक 'डीह्युमिडिफायर' म्हणून दोन-तीन हजारांचं छोटं यंत्र घेतात आणि फसतात. ते पेल्टियर जातीचं असतं, दिवसाला जेमतेम कपभर-दोन कप पाणी ओढतं. ते कपाटापुरतं. खोलीला कॉम्प्रेसरवालं लागतं, दहा लिटरच्या पुढचं. त्यातही खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के दमटपणाला मोजलेला असतो, हवा कोरडी होत जाईल तसं पाणी कमी निघतं. आणि दारं-खिडक्या बंद नसतील तर तुम्ही अख्ख्या गोव्याची हवा सुकवायला बसलात.

स्वस्त यंत्र विकून लगेच कमिशन मिळतं, हे खरं. पण ते परतही लगेच येतं आणि कमिशन त्याबरोबर जातं.

जांभा

याच ओघात एक अडचणीचा मुद्दा. कृषी कार्ड असलेल्या शेतकऱ्याला काही यंत्रांवर सरकारी अनुदान मिळू शकतं. त्याच्या अटी आणि विक्रेते विभागीय कृषी कार्यालयात कळतात. ऑनलाइन घेतलेल्या यंत्रावर ते मिळेलच असं नाही. लेखात हे लिहायचं की नाही? लिहायचं, आणि वरच्या भागात. चार विक्री जातील. पण तोच माणूस दोरी, पातं, हातमोजे, चष्मा घ्यायला परत तुमच्याच पानावर येतो. लपवलंत आणि त्याला कार्यालयात कळलं, तर पुन्हा फिरकणार नाही आणि भाटातल्या दहा जणांना सांगेल.

तिसरा घाट

आता ज्या नियमांमुळे खाती बंद पडतात ते. अॅमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमाबद्दल बोलतोय, कारण सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन पात्र विक्री व्हायला हव्यात, नाहीतर ते बंद होतं. म्हणून ब्लॉग काढल्याच्या दिवशी खातं उघडू नका. दहा-बारा लेख गूगलवर दिसायला लागले, दिवसाला वीस-तीस माणसं यायला लागली, की मग अर्ज करा.

स्वतःच्या दुव्यावरून स्वतःसाठी खरेदी नाही. घरच्यांना त्यावरून घ्यायला लावणंही नाही.

किंमत हाताने लिहायची नाही, कारण ती तासागणिक बदलते. 'साधारण किंमत पाहा' असा दुवा द्या, किंवा 'आठ ते बारा हजारांच्या गटातलं' असं आपल्या शब्दांत सांगा. ग्राहकांचे तारे आणि अभिप्राय उचलून चिकटवायचे नाहीत. फोटो उतरवून घेऊन आपल्या साइटवर चढवायचे नाहीत. अॅमेझॉनच्या पानावर वर दिसणाऱ्या असोसिएट्सच्या पट्टीतून फोटोचा दुवा काढायची जी सोय होती ती २०२३ च्या अखेरीस बंद झाली. तेव्हापासून जुन्या ब्लॉगांवर रिकाम्या चौकटी दिसतात त्या त्याच. फोटो स्वतः काढा.

ईमेलमध्ये, पीडीएफमध्ये, छापील पत्रकात कमिशनचा दुवा चालत नाही. तिथे लेखाचा दुवा द्या आणि लेखात कमिशनचा. दुवा लपवणारे छोटे दुवेही नकोत.

टिचकी मारल्यापासून २४ तासांत माल टोपलीत गेला तरच कमिशन तुमचं. टोपलीत पडून राहिला आणि पुढच्या काही आठवड्यांत घेतला तरी चालतं, पण टोपलीत चोवीस तासांच्या आत पडायला हवा. महाग यंत्र माणूस रात्री बघतो, दुसऱ्या दिवशी भावाला विचारतो, रविवारी घेतो. ते गेलं. दोरीचं रीळ तो तिथेच घेतो. कमिशनच्या यादीत किरकोळ वस्तू जास्त का दिसतात, ते यावरून कळेल.

दुव्याच्या शेवटी तुमची खूण असते, भारतात तिच्या शेवटी वजा-एकवीस. दुवा 'साफ' करून पाठवायची कोणाची सवय असेल तर ती खूण उडते. आठवड्याला एकदा पाच-सहा दुवे स्वतः उघडून पत्त्यात खूण आहे का बघा. प्रत्येक मोठ्या लेखाला वेगळी खूण (ट्रॅकिंग आयडी) द्या, नाहीतर पैसे कुठल्या लेखाने आणले ते कधीच कळत नाही.

पोफळीची सावली

आणि खुलासा? 'या दुव्यांवरून मला कमिशन मिळतं' हे तळाला लिहिलं तर पुरे?

तिसरा घाट

नाही. पहिल्या दुव्याच्या वर, लेखाच्याच अक्षरात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. मराठी लेखाला मराठी खुलासा: 'या लेखातल्या दुव्यावरून खरेदी झाली तर आम्हाला कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत.' अॅमेझॉनला स्वतःचं ठरलेलं वाक्यही हवं असतं, तेही ठेवा. आणि दुव्याच्या कोडात 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावा. गूगलने ती २०१९ मध्ये आणली. नसली तर पैशाचा दुवा आडून दिल्यासारखं दिसतं.

अॅमेझॉनशिवाय क्यूलिंक्स, अर्नकरोसारखे मध्यस्थ आहेत. एका खात्यावर बऱ्याच दुकानांचे दुवे मिळतात, पण मध्ये आणखी एक हात आला की वाटा कमी आणि पैसे मंजूर व्हायला उशीर.

अर्धविराम

शोधशब्दांसाठी पैसे देऊन कुठलंही साधन घेऊ नका. मराठीतल्या शोधांचे त्यांचे आकडे बहुतेक शून्य दाखवतात आणि माणूस घाबरून विषय सोडतो. त्याऐवजी फोनवर खासगी खिडकी उघडा, गूगलमध्ये 'गवत कापायचे' एवढंच टाइप करून थांबा आणि खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. तेच रोमन अक्षरांत करा. लोक 'गवत कापण्याची मशीन', 'ग्रास कटर', 'ब्रश कटर किंमत' असं सगळं मिसळून लिहितात. लेखात हे सगळे शब्द एकेकदा तरी सहज आले पाहिजेत. शीर्षकात शुद्ध मराठीचा हट्ट धरून 'तृणछेदक' लिहिलंत तर तो लेख तुम्ही आणि तुमचे मास्तर दोघेच वाचणार.

पहिल्याच दिवशी सर्च कन्सोलला (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) साइट जोडा, साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या. नव्या साइटवर 'सापडलं, पण नोंदवलं नाही' अशा अर्थाचा शेरा आठवडेच्या आठवडे दिसतो. तो दिसला म्हणून रोज नोंदणीची विनंती दाबत बसू नका. त्या लेखाकडे दुसऱ्या दोन-तीन लेखांतून दुवे द्या. 'पाहिलं, पण नोंदवलं नाही' असा शेरा असेल तर दुखणं वेगळं: त्या पानावर इतरांपेक्षा वेगळं काही नाही, असा त्याचा साधारण अर्थ. तिथे मजकूरच सुधारावा लागतो.

तीन महिन्यांनी शोधांची यादी उघडा. ज्या शोधाला तुमचं पान आठव्या ते विसाव्या क्रमांकावर दिसतंय तिथे हात घाला. नेमका तो प्रश्न उपशीर्षक करा आणि खाली दोन-तीन ओळींत सरळ उत्तर द्या. नवा लेख लिहिण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो आणि फळ लवकर येतं.

वेग: मोठं चित्र अडीच सेकंदांत दिसलं पाहिजे. फोटो १,२०० पिक्सेल रुंद, वेबपी प्रकारात, शंभर केबीच्या आत. फोनवरचा चार एमबीचा फोटो तसाच चढवणं हे मराठी ब्लॉग रांगण्याचं पहिलं कारण.

जाता जाता एक बारीक गोष्ट: 'दुसऱ्या'मधला र्‍य कीबोर्डाप्रमाणे दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, आतून वेगळा. आपल्याच साइटच्या शोधात लेख सापडत नसेल तर हे तपासा.

बाजारदिवस

प्रसाराबद्दल. गूगलवरून माणसं यायला सहा महिने धरा. तोवर काय?

फेसबुकवर शेती, परसबाग आणि गावांचे गट आहेत. तिथे दुवा फेकायचा नाही. कोणी विचारलं की उत्तर तिथल्या तिथे पूर्ण लिहायचं, आणि 'फोटोसकट इथे आहे' म्हणून लेख द्यायचा तो दहा उत्तरांत एकदा. गटचालकाला आधी विचारून घ्या. एक काळजी: फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरून खरेदी करणारा माणूस तिथे लॉगिन नसतो, मग तो बाहेर पडून अॅपमधून घेतो आणि कमिशन जातं. म्हणून फेसबुकवर थेट कमिशनचा दुवा देऊ नका.

व्हॉट्सॅप चॅनल काढा, आठवड्याला एकच संदेश. एक प्रश्न, दोन ओळींचं उत्तर, लेखाचा दुवा. रोज सुप्रभात धाडलंत तर लोक आवाज बंद करतात आणि मग खरा संदेशही बंद आवाजातच जातो.

तीन-चार मिनिटांचे व्हिडिओ: नायलॉनची दोरी रिळात कशी भरायची, कार्ब्युरेटर कसा साफ करायचा. बोलणं कोंकणीत असलं तरी चालेल, शीर्षक आणि वर्णन मराठीत. चेहरा दाखवायची गरज नाही, हात दिसले की झालं.

इथल्या मराठी दैनिकांच्या शेतीच्या किंवा घरच्या पुरवणीला लेख द्या. त्यांच्या वेबआवृत्तीतून आलेला एक दुवा शंभर विकत घेतलेल्या दुव्यांपेक्षा भारी. विकतचे दुवे घेऊच नका. 'पाचशे रुपयांत हजार बॅकलिंक' म्हणजे साइट बुडवायचा खर्च.

आणि जवळचं दुकान विसरू नका. फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या अवजारविक्रेत्याशी बोलून कूपनशब्द ठरवा: तो सांगणाऱ्या गिऱ्हाइकावर तीन-चार टक्के तुम्हाला, महिन्याच्या शेवटी हिशेब, अटी एका कागदावर. चोवीस तासांची भानगड नाही, यंत्र चालवून दाखवायला माणूस आहे, दुरुस्ती तिथेच. जड यंत्रांना हे ऑनलाइनपेक्षा बरं पडतं. खुलासा मात्र इथेही लिहायचा.

जमाखर्च

दोन-तीन गोष्टी करांबद्दल. भारतातल्या कंपनीने दिलेल्या कमिशनवर वर्षाला २०,००० च्या पुढे टीडीएस कापला जातो. दर ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के, पॅन दिलं नसेल तर २०. कापलेला कर विवरणपत्रात दाखवून परत मिळवता येतो. छोट्या धंद्यांसाठी अंदाजाने नफा दाखवायची जी सोपी योजना आहे ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही, म्हणून होस्टिंग, डोमेन, इंटरनेट यांची बिलं जपून ठेवा. जीएसटीची नोंदणी सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेल्यावर. कंपनी दुसऱ्या राज्यातली आहे म्हणून पहिल्या रुपयापासून लागते असं सांगणारे भेटतील, सेवांना तसं नाही.

पैसे हातात यायला विक्रीच्या महिन्यानंतर साधारण दोन महिने. जूनमधल्या विक्रीचे पैसे ऑगस्टअखेर. चवथीच्या खर्चाला धरून ठेवा म्हणणार होतो, पण वर्षभर तरी धरू नका.

पोफळीची सावली

देव बरें करूं सगळ्यांचं. डिसेंबरात सुरू करतो. पहिले सहा लेख असे ठरवले: गवत कापायचं यंत्र, नारळावर चढायचं यंत्र, कपाटातली बुरशी, इन्व्हर्टरची बॅटरी, विहिरीचा पंप, मिरी सुकवायची जाळी. दर पंधरा दिवसांनी एक.

पाऊसपाणी

क्रम चुकला. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण त्याची खरेदी पुरुमेंताबरोबर, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीबरोबर, एप्रिल-मेमध्ये होते. नव्या साइटवरचा लेख नजरेत यायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे बुरशी आणि इन्व्हर्टर डिसेंबर-जानेवारीतच लिहून झाले पाहिजेत. गवताचा खरा हंगाम पाऊस पडल्यावर, आणि दुसरा काजूच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. तो यंदा हुकलाच आहे, म्हणून ते तिसरं. मिरीची जाळी पुढच्या वर्षी, तिची खरेदी मिरी काढायच्या वेळेला, आणि तोवर हंगाम संपेल.

जांभा

आणि नारळावर चढायच्या यंत्राचा एक लेख पुरणार नाही, दोन करा. पहिला: उभ्याने चढायचं चेंबेरी पद्धतीचं आणि बसून चढायचं, यांतला फरक. उभ्याचं हलकं आणि चपळ, पण पायांना सवय लागते. बसून चढायचं जड, नवख्याला आणि वयस्काला बरं. वाकड्या माडावर दोन्हींचं कठीण. दुसरा लेख फक्त सुरक्षा पट्ट्यावर: कमरेचा पुरत नाही, अख्ख्या अंगाचा का घ्यावा, दोर कुठे बांधावा. पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही म्हणून स्वतः चढायला निघालेल्या माणसाने हा लेख आधी वाचला पाहिजे, म्हणून पहिल्या लेखात त्याचा दुवा यंत्राच्या दुव्याच्या वर ठेवा. जुने गोवे इथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण कधी असतं ते विचारून तेही घाला.

पोफळीची सावली

मग क्रम: बुरशी, इन्व्हर्टर, गवत, माडाचे दोन, पंप. असोसिएट्सचा अर्ज मार्चअखेर, म्हणजे १८० दिवसांत अख्खा पावसाळा येतो. बरोबर ना?

तिसरा घाट

बरोबर. पण मार्चअखेर अर्ज करायला दहा-बारा लेख हवेत, पंधरा दिवसांनी एक असे आठच होतात. जानेवारीपासून दहा दिवसांनी एक करा, किंवा अर्ज एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ढकला. आणि मेच्या दहा तारखेला सगळे दुवे पिनकोड टाकून पुन्हा तपासा. पुरुमेंताच्या गर्दीत डीह्युमिडिफायरचा साठा संपतो आणि 'सध्या उपलब्ध नाही' या पानावर पाठवलेला वाचक परत येत नाही. प्रत्येक वस्तूला एक पर्यायी दुवा आधीच शोधून ठेवा.